गट ऑफिसचा सेट

वायरलेस सेट क्वचितच बिघडून निवृत्त होतो. त्याच्याभोवतीची व्यवस्था आधी उठून जाते आणि सेट मागे उरतो. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात, म्हणजे आसपासच्या गावांतला ऊस बघणाऱ्या कचेरीत, मोबाइल पोचला तेव्हा टेबलावरचा व्हीएचएफ सेट धडधाकट होता, फक्त त्याला विचारणारं कुणी राहिलं नाही. तो कपाटावर गेला, कपाटावरून गोदामात आणि गोदामातून भंगाराच्या लिलावात. हॉटेलं, बंदरं, सिक्युरिटी एजन्स्या डिजिटलवर गेल्या की त्यांचे जुने सेटही असेच पोत्यात भरून निघतात. अमेरिकेत तर या निवृत्तीला तारीखच होती. १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत काम करणाऱ्या व्यावसायिक परवानाधारकांनी २५ किलोहर्ट्झची ऐसपैस चॅनेलं सोडून १ जानेवारी २०१३ पर्यंत साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलांवर यावं, असा तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा हुकूम होता. ज्या सेटांना अंग चोरून बसणं जमणारं नव्हतं, ते त्या दिवसापासून निकामी ठरले.

निकामी, पण त्या कामापुरते. हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणारे, अशाच मालाची वाट बघत असतात. आमचा हा छंद बराचसा दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांवरच वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा डिस्पोजल माल बाजारात आला, तेव्हा ब्रिटिश बॉम्बर विमानांतले आर-११५५ रिसीव्हर आणि अमेरिकन विमानांतले कमांड सेट हौशी लोकांच्या टेबलांवर येऊन बसले. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतले टॅक्सीचे नि पोलिसांचे एफएम सेट नियम बदलल्यामुळे स्वस्तात निघाले आणि हॅमच्या एफएमला नि एकाचं बोलणं झेलून लांबवर फेकणाऱ्या रिपीटरला खरी चालना मिळाली. त्या काळी फ्रिक्वेन्सी बदलायची म्हणजे क्रिस्टल बदलावा लागे. एका चॅनेलला दोन क्रिस्टल, एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. ते मागवायचे, पोस्टाची वाट बघायची आणि मग स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक कॉइल जुळवत बसायचं. पुढे हवी ती फ्रिक्वेन्सी घडवणारा सिंथेसायझर आला आणि फ्रिक्वेन्सी हा मेमरीतला एक आकडा होऊन बसला. स्क्रूड्रायव्हरचं काम कॉम्प्युटरला जोडणाऱ्या केबलकडे गेलं.

माझ्याकडे आला तो मोटोरोलाचा जीएम-३००. मागे ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, पुढे दोन आकडी चॅनेल दाखवणारी छोटीशी खिडकी, आवाजाचं बटण, मायक्रोफोनची सॉकेट. मायक्रोफोनचं दाबायचं बटण अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेलं. बाजूला पिवळट चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं: १ केनयार्ड, २ शेती ऑफिस, ३ गट. भारतात चालता वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. ही अट १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनची. म्हणून असा माल जुन्या बाजारातून हौसेनं उचलून आणता येत नाही, कागदांसकट घ्यावा लागतो. कागद झाले. सेट ज्याच्याकडून घेतला तो दुरुस्तीवाला भला माणूस.

"काका, फ्रिक्वेन्सी सांगा, पाच मिनिटांत टाकून देतो. जुनं सगळं उडवतो."

"जुनं उडवू नका. मला आधी बघायचंय."

"त्यात काय बघायचंय? कारखान्याचा माल आहे."

त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण सेट प्रोग्राम करण्याचा पहिला नियमच असा की आधी रीड, मग सेव्ह, आणि त्यानंतर राइट. मेमरीत नुसते चॅनेल नसतात. हा विशिष्ट सेट किती वॅट फेकतो, आवाजानं त्याची लहर किती डोलते, त्याचा क्रिस्टल किती सरकलेला आहे, या त्याच्या अंगच्या गोष्टींचे आकडेही तिथेच असतात. कारखान्यात किंवा दुरुस्तीच्या टेबलावर कुणीतरी मीटर लावून ते बसवलेले असतात. दुसऱ्या सेटची फाइल बेफिकिरीनं याच्यात ओतली, तर सेट बोलतो खरा, पण परक्या मापाचा कोट चढवल्यासारखा.

रीड करायला लागतं ते सामान मात्र सेटहून जुनं. सेटच्या आत पाच व्होल्टचे व्यवहार, कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवर धन-ऋण बारा व्होल्टचे. दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून एक डबी लागते. कंपनीची विकत मिळे. हॅम मंडळी मॅक्स-२३२ ही आयसी आणि चार कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून ती घरी जोडतात. सॉफ्टवेअर डॉसवर चालणारं. ते लिहिणाऱ्यानं वेळ मोजण्यासाठी कॉम्प्युटरच्या संथपणावर भिस्त ठेवली होती. अमुक इतक्या वेळा फेरा मारला की अमुक इतका वेळ गेला, असा हिशेब. आजचं मशीन ते फेरे डोळ्याचं पातं लवण्याआधी मारून मोकळं होतं, सेटचं उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारतं, आणि संवाद तुटतो. राइट करताना तुटला तर मेमरीचा विचका होतो. म्हणून खरा सिरियल पोर्ट असलेला एक मंद लॅपटॉप मी केवळ यासाठी जिवंत ठेवला आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत त्याला बाहेर काढण्याचा ठराव घरात येतो आणि दर वेळी मी तो बारगळवतो.

निळ्या पडद्यावर सेटची मेमरी उलगडली. तिच्यात नाव-गाव नव्हतं, पण कारखान्याचा सगळा कारभार होता. एका वेळी साठ सेकंदांच्या वर बोलता येणार नाही, साठ झाले की सेट आपणहून गप्प. चॅनेलवर दुसरं कुणी असेल तर बटण दाबूनही ट्रान्समीटर उठणार नाही. सेट सगळी चॅनेलं चाळत राहील, पण पहिल्याला अग्रक्रम. म्हणजे गटात काहीही चाललेलं असो, केनयार्ड, म्हणजे कारखान्यातलं उसाच्या गाड्यांचं आवार, बोललं की कान तिकडे. गाळप थांबता कामा नये, हे त्या एका सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं. गट ऑफिसातला चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या बघणारा पोरगा, सांगत असणार की मुकादमाची टोळी आली नाही, गाडी फडात रुतली आहे, आज दोन खेपा कमी पडतील. हे त्यानं एका मिनिटात सांगायचं होतं. आणि यातली एकही गोष्ट त्याच्या हातात नव्हती. त्याला आवाज वाढवता येत होता, चॅनेल बदलता येत होता आणि बटण दाबता येत होतं.

शिवाय प्रत्येक चॅनेलवर एक टोन होता. माणसाच्या बोलण्याखाली दबलेला बारीक गुंजारव, जो स्पीकरमधून गाळला जातो आणि ऐकणाऱ्याला जाणवत नाही. ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा ठरलेला टोन आला तरच समोरचा सेट कान उघडतो. टोन लावला की आपलं बोलणं खासगी झालं, असं वापरणाऱ्यांना वाटत राहतं. घडतं उलटंच. इतरांचं बोलणं आपल्याला ऐकू येईनासं होतं, आपलं मात्र ज्याला ऐकायचं त्याला ऐकू येतच असतं. त्या चॅनेलवर शेजारची एखादी संस्था दिवसभर बोलत असली, तरी चिटबॉयच्या लेखी आकाशात कारखान्याखेरीज कुणी नव्हतं.

या सेटिंगांकडे बघताना एक गोष्ट लख्ख दिसते. धंद्याचा सेट वापरणाऱ्यावर अविश्वास ठेवून बनवलेला असतो. मी हे दूषण म्हणून सांगत नाही. चिटबॉय, क्रेनचालक, गेटवरचा रखवालदार यांची रेडिओची परीक्षा कुणी घेतलेली नसते, ती घेणं रास्तही नव्हे. परवाना कारखान्याच्या नावावर, चॅनेलं आखून देणार तंत्रज्ञ. मग सरकार तपासणार कशाला? तर सेटला. तो त्याच्या पट्ट्याबाहेर जाणार नाही, बाहेर आवाज सांडणार नाही, आणि हाताळणाऱ्याला त्याच्या पोटात हात घालता येणार नाही, याची खातरी करून मग त्याला बाजारात सोडायचं. अमेरिकेच्या नियमावलीत तर हे सरळ शब्दांत आहे. बोलणाऱ्याला सेटच्या बाहेरच्या बटणांवरून ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी घालता येत असेल, तर असा व्यावसायिक सेट प्रमाणित होत नाही.

हॅम रेडिओचा कायदा नेमका दुसऱ्या टोकानं सुरू होतो. तिथे सरकार माणसाला तपासतं. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षेला बसता येतं. थोडी विजेची नि रेडिओची माहिती, आणि तितकेच नियम. वरच्या श्रेणीच्या परवान्याला मोर्सही लागतो. यात पास झालात की १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांखाली तुम्हाला कॉलसाइन मिळतो आणि त्यासोबत एक विलक्षण मुभा. ट्रान्समीटर स्वतः बनवा, बनलेला उघडा, बदला, कुठे बोलायचं ते नेमून दिलेल्या पट्ट्यात तुमचं तुम्ही ठरवा. सेट प्रमाणित नसला तरी चालतो, कारण माणूस प्रमाणित आहे. बदल्यात तुम्ही दर वेळी आपला कॉलसाइन सांगायचा, धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत काही लपवायचं नाही. हे पाळलं जातंय की नाही ते बघणारं यंत्र सेटमध्ये बसवलेलं नसतं.

म्हणून जुना सेट प्रोग्राम करणं मला आकड्यांच्या अदलाबदलीहून मोठं काम वाटतं. यंत्राच्या पोटात ठेवलेला भरवसा काढून तो माणसाकडे सोपवण्याचा हा प्रकार आहे. पत्रा तोच, सर्किट तेच, बदलतात मेमरीतली थोडी अक्षरं. पण बदललेल्या सेटला जबाबदार धरता येईल असं त्याच्या आत काही उरत नाही. जबाबदारी टेबलाच्या या बाजूला येऊन बसते.

ते किती खरं आहे, हे पट्ट्याच्या काठावर कळतं. आपल्या देशात दोन मीटरचा हॅम पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. माझ्याकडचा जीएम-३०० हा १४६ ते १७४ च्या जातीचा. माझी हद्द जिथे संपते, नेमकी तिथे त्याची सुरू होते. १४५ टाकलं की सॉफ्टवेअर भुंकतं आणि आकडा परत करतं. हॅम मंडळी अशा वेळी सॉफ्टवेअरच्याच फाइलमधल्या हद्दीचे आकडे हेक्स एडिटरनं खाली सरकवतात. मग सॉफ्टवेअर हो म्हणतं आणि प्रश्न उरतो तो पदार्थविज्ञानाचा. सेटमधला ऑसिलेटर तितका खाली उतरून तिथे लॉक होतो का? बनवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना थोडी ऐस ठेवलेली असते, तिच्यावर हे अवलंबून. लॉक झाला नाही तर सेट नुसता पीप-पीप करत कण्हतो आणि ट्रान्समिट करायला नकार देतो. माझा १४५ च्या आसपास बिनतक्रार बसला, अगदी खालच्या टोकाला कुरकुरला. रिसीव्हरच्या तोंडची गाळणी वरच्या फ्रिक्वेन्सींसाठी लावलेली, त्यामुळे किंचित बहिरेपणा आला, पण रिपीटर छान ऐकू येत होता.

आता हा सेट १४५ पासून १७४ पर्यंत कुठेही बोलू शकतो. त्यात काय काय येतं बघा. १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे समुद्रावरचा चॅनेल सोळा, जिथे बुडणारं जहाज मदत मागतं. पोलिस, अग्निशमन, रेल्वे, कारखाने, कुणा ना कुणाचं काम या साऱ्या पट्ट्यावर चालू असतं. त्यातला कुठलाही आकडा टाकून राइटची कळ दाबली, तर हे यंत्र इमानानं पंचेचाळीस वॅट तिथे ओतेल. त्याला अडवणारी भिंत मीच काढून ठेवलेली आहे. जुनी तीन चॅनेलं मी पुसली ती म्हणूनच. ती ऐकत राहायला काय हरकत, असं म्हणणारे भेटतात. पण त्या चॅनेलांवरचं बोलणं माझ्यासाठी नाही, आणि चुकून बटण दाबलं गेलं तर त्या बोलण्यात शिरणारा आवाज माझा असेल. मूळ फाइलमधून सेटचे अंगचे आकडे ठेवले, बाकीचं गाळलं.

राइट झाल्यावर लगेच अँटेना लावायची नसते. आधी पन्नास ओहमचा डमी लोड, जो सगळी शक्ती पोटात घेऊन नुसता तापतो आणि हवेत काही जाऊ देत नाही. मग वॅटमीटर, मग फ्रिक्वेन्सी काउंटर. वर्षानुवर्षं उसाच्या पट्ट्यात धूळ खाल्लेला क्रिस्टल थोडा सरकलेला असतो. दशलक्षात पाच भागांचा फरक कागदावर नगण्य दिसतो, पण १४५ मेगाहर्ट्झवर तो सव्वासातशे हर्ट्झ होतो. तो सॉफ्टवेअरमधूनच ओढून जागेवर आणता येतो. काउंटरवरचे शेवटचे आकडे हळूहळू शून्याकडे सरकताना बघण्यात जे सुख आहे, ते हा छंद नसलेल्याला पटवून देण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

इतका खटाटोप कशासाठी? हॅमसाठी बनवलेले देखणे सेट मिळतात, त्यांना नॉब असतो, तो फिरवला की फ्रिक्वेन्सी बदलते. जीएम-३०० ला नॉब फक्त आवाजाचा. पण त्याचं अंग वेगळंच. दिवसभर ट्रकमध्ये हादरे खाण्यासाठी तो ओतलेला आहे. डोंगरावर जिथे मोबाइल टॉवर, टीव्ही नि दहा जणांचे ट्रान्समीटर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, तिथे नाजूक रिसीव्हर गांगरतात आणि याच्यासारखे धंद्याचे सेट आपल्या चॅनेलवर ठाम राहतात. म्हणून जगभर हौशी मंडळींनी दोन जीएम-३०० पाठीला पाठ लावून रिपीटर उभे केले. एक ऐकतो, दुसरा बोलतो, मागच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून दोघांची गाठ.

आणि त्याच्या बंदिस्तपणालाही एक गुण आहे, तो मला उशिरा उमगला. गणपती विसर्जनाला, मॅरेथॉनला, मोटार रॅलीला हॅम मंडळी संपर्काचं काम करतात. परवाना नुकताच हातात पडलेली एखादी कॉलेजची मुलगी गर्दीत, ढोल-ताशांच्या कल्लोळात उभी असते. तिच्या हातात शंभर मेनूंचा सेट दिला, तर एक कळ चुकीची दाबली जाते आणि ती ऐन वेळी भलत्याच फ्रिक्वेन्सीवर हाका मारत बसते. तिला हवा असतो गट ऑफिसचा सेट. तीन चॅनेलं, एक बटण, बिघडवण्यासारखं काही नाही. तेव्हा मी हौसेनं काढलेली कुलपं स्वतःच परत घालतो. कारखान्याच्या तंत्रज्ञानं जे चिटबॉयसाठी केलं, तेच मी तिच्यासाठी करतो. फरक एवढाच की ती कुलपं तिला उघडता येतात, आणि उघडण्याचा तिला अधिकारही आहे.

सेटवर भरवसा किंवा माणसावर, या दोन्हींहून तिसरी शक्यता वाईट. गेल्या काही वर्षांत चिमुकले स्वस्त हँडसेट आले, ज्यांच्यावर पुढच्या कळांवरूनच वाटेल ती फ्रिक्वेन्सी टाकता येते, आणि ते कुणालाही घरबसल्या मागवता येऊ लागले. तिथे सेटलाही कुलूप नाही आणि माणसाचीही परीक्षा नाही. अमेरिकेच्या कमिशननं २०१८ मध्ये अशा सेटांबद्दल इशारा दिला. आपल्याकडे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन बाजारातल्या वॉकीटॉकी विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. मलाही सरकारी बंधनांचा फारसा सोस नाही, पण या बाबतीत तक्रार करायला जागा दिसत नाही. भरवसा कुठेतरी ठेवावा लागतो, यंत्रात नाहीतर माणसात. दोन्हीकडून काढून घेतला तर आकाशात नुसता गोंगाट उरेल.

माणसात ठेवला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेवर अंदमानला गेले होते. हेतू हौसेचा, दुर्मीळ बेटावरून जगभरच्या हॅमशी बोलण्याचा. २६ तारखेला त्सुनामी आली. हौशी गप्पा तिथल्या तिथे थांबल्या आणि तीच स्टेशनं बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीला कळवू लागली. कुठल्याही तंत्रज्ञानं अशा प्रसंगासाठीचा चॅनेल त्यांच्या सेटमध्ये आधी भरून ठेवलेला नव्हता. काय थांबवायचं नि काय सुरू करायचं, हे ठरवणारा माणूस मायक्रोफोनच्या मागे होता, इतकंच.

माझ्या सेटमध्ये आता रिपीटर आहे, थेट बोलण्याची चार चॅनेलं आहेत, टोन फक्त रिपीटर मागतो तिथे आहे. ऐकताना टोन काढून टाकला आहे. आकाशात आणखी कोण आहे, ते मला ऐकू यायला हवं. साठ सेकंदांची मर्यादा मात्र मी उठवली नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती शून्य करता येते, आणि हॅम मंडळी बोलायला लागली की साठ सेकंदांत नुसतं हवापाणी होतं. पण रिपीटर एका वेळी एकालाच वाहून नेतो. मी बोलत असेन तितका वेळ ज्याला तातडीचं सांगायचं आहे तो खोळंबतो, आणि तो खोळंबलाय हे मला कळायला काही मार्ग नसतो, कारण बोलताना मला ऐकू येत नाही. परीक्षेत पास झालेल्या माणसालाही ही अडचण आहेच. तिच्यापुरता मी गट ऑफिसचा नियम पाळतो.